व्हॉल्व्ह एका फाइलीत, ठोका दुसऱ्या फाइलीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत हृदयाच्या गळक्या व्हॉल्व्हवर आलेला लेख वाचला. व्हॉल्व्ह का गळतो, दुरुस्ती कधी करतात आणि बदलायचा कधी, हे त्यात नीट समजावून सांगितलंय. ठोक्यांच्या वाट्याला मात्र शेवटी अर्धंच वाक्य आलं: काही रुग्णांचे ठोके अनियमित होतात आणि त्यावर औषधं मिळतात. मला त्या अर्ध्या वाक्याबद्दल लिहायचंय. विषय चार ओळींत मावणारा नाही, तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी डॉक्टर नाही. निवृत्त होईपर्यंत ईसीजी काढायचं काम केलं, शेवटची काही वर्षं इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीतही मदतीला होते. पट्टी काढायची, नाव-वेळ टाकायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची, एवढीच माझी जबाबदारी. पण रोज पट्ट्या हाताखालून गेल्या की डोळा आपोआप वाचायला लागतो. ठोका नीट असेल तर प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटा, गोलसर उंचवटा दिसतो. त्याला पी वेव्ह म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना एकत्र आकुंचन पावायचा संदेश मिळाला, याची ती खूण. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरणं, असेल तर हा उंचवटा गायब होतो. त्याच्या जागी बारीक थरथरती रेघ असते आणि उंच टोकं कसलाच हिशेब न पाळता येतात: दोन अगदी चिकटून, मग मोठी मोकळी जागा, मग लागोपाठ तीन, पुन्हा जागा. अशा पट्टीवर दोन टोकांमधल्या अंतरावरून गती काढून चालत नाही. तळाच्या लांब ओळीत दहा सेकंद असतात. त्यातली टोकं मोजायची आणि सहाने गुणायचं. तेवीस टोकं भरली की गती १३८. आणि पलंगावरचा माणूस त्याच वेळी सांगत असतो, "तसं काही नाही हो मला, जिना चढताना जरा दम लागतो एवढंच."

अशी पट्टी निघायची तेव्हा केस पेपरवर आधीपासून 'मायट्रल लीक' लिहिलेलं असायचं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तो योगायोग नाही हे कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं. त्याचं कारण पुढे इकोच्या खोलीत पडद्यावर दिसलं.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये मायट्रल व्हॉल्व्ह असतो. खालचा कप्पा रक्त पुढे ढकलतो त्या क्षणी हा व्हॉल्व्ह घट्ट मिटायला हवा. त्याची पाळी, म्हणजे उघडमीट करणारा पडदा, सैल पडली, तिला धरून ठेवणारी दोरी तुटली किंवा खालचा कप्पाच फुगून पाळ्या एकमेकींपासून लांब गेल्या, की प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वर फेकलं जातं. वरच्या कप्प्याची भिंत पातळ असते. एवढा मारा सोसायला ती बनलेलीच नाही. दिवसाला लाखभर ठोके, आणि अशी वर्षं. कप्पा ताणतो, मोठा होतो, त्याच्या स्नायूत ठिकठिकाणी चिवट तंतू तयार होतात. मग विजेचा संदेश सरळ वाटेने न जाता त्या तंतूंना वळसे घालत भरकटतो, आणि मिनिटाला ३५० ते ६०० वेडेवाकडे संदेश उठायला लागतात. मधली एव्ही नोड नावाची गाठ त्यातले बरेचसे अडवते म्हणून माणूस तगतो. तरी खालच्या कप्प्याला त्यातून शंभर ते दीडशेच्या घरात ठोके पडतातच.

ही झाली एक बाजू. उलट बाजू लोकांना फारशी कुणी सांगत नाही. ठोका बिघडला की कप्पा आणखी मोठा होतो, कप्प्याबरोबर व्हॉल्व्हची कडा रुंदावते आणि पाळ्या मध्ये पुरेशा भेटत नाहीत. म्हणजे गळतीने ठोका बिघडतो आणि बिघडलेल्या ठोक्याने गळती वाढते. व्हॉल्व्ह मुळात धडधाकट असूनही निव्वळ फिब्रिलेशनमुळे गळायला लागलेली माणसं असतात, आणि त्यातल्या काहींचा ठोका ताळ्यावर आणला की गळती पुष्कळ कमी होते. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हचंही असंच. पायावर सूज येते, पोट फुगतं आणि मूळ कारण ठोक्यात असतं. शिवाय फिब्रिलेशन स्वतःच स्वतःला घट्ट करतं. शेळ्यांवरचा १९९५ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: त्यांच्या हृदयात कृत्रिमरीत्या फिब्रिलेशन चालू ठेवलं, तर सुरुवातीला ते लगेच थांबायचं, पण दिवस जातील तसं ते आपलं आपण टिकायला लागलं. म्हणून 'बघू, सहा महिन्यांनी या' हे उत्तर गळका व्हॉल्व्ह आणि नवा बिघडलेला ठोका अशा जोडीला मला मान्य नाही.

माझ्या थोरल्या भावाला हेच उत्तर मिळालं होतं.

दादाचा मायट्रल व्हॉल्व्ह बऱ्याच वर्षांपासून थोडा गळतो हे आम्हाला ठाऊक होतं. दरवर्षी इको व्हायचा, 'मॉडरेट' असा शेरा यायचा, फाइल कपाटात जायची. मग एकदा धडधड होऊन त्याला दाखल करावं लागलं. फिब्रिलेशन निघालं. गती कमी करायची एक गोळी आणि एक अ‍ॅस्पिरिन देऊन दोन दिवसांत घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर व्हॉल्व्हचा उल्लेख नाही, कारण तो 'दुसऱ्या विभागाचा'. व्हॉल्व्हच्या विभागात गेलं तर तिथली तारीख आधीच ठरलेली, आणि ठोक्याचं त्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारा म्हणाले. एकाच हृदयाच्या दोन फाइली, आणि त्या दोन्ही पिशवीत घालून फिरणारी माझी वहिनी. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, कामाची विभागणीच तशी होती. पण त्या विभागणीमुळे सगळ्यात महत्त्वाचे दोन प्रश्न कुणाच्याच टेबलावर आले नाहीत.

पहिला प्रश्न गुठळीचा. मी वहिनीला म्हटलं, ही अ‍ॅस्पिरिन पुरेशी नाही, विचारून घे. ती म्हणाली, "अगं, रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे ना, आणखी कशाला?" तिचं चुकत नव्हतं, तिला तसंच सांगितलं होतं. अजूनही अनेक घरांत हाच समज आहे, म्हणून इथे जरा थांबते.

फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या कोपऱ्यात अपेंडेज नावाची एक छोटी पिशवी असते. तिथलं रक्त साचून राहतं आणि गोठतं. मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेला नसलेल्या रुग्णांत कप्प्यातल्या गुठळ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास याच पिशवीत सापडतात. गुठळी सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. छातीतली धडधड बंद झाली, बरं वाटायला लागलं, तरी हा धोका गेला असं समजायचं नाही. आणि अ‍ॅस्पिरिनचा इथे जवळजवळ उपयोग नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना वॉरफेरिन हे गुठळी रोखणारं जुनं औषध देता येत नव्हतं अशा सुमारे ५,६०० रुग्णांपैकी निम्म्यांना त्याच कामाचं नवं औषध अ‍ॅपिक्साबॅन दिलं आणि निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन. अ‍ॅपिक्साबॅनच्या गटात पक्षाघाताचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, आणि मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिनपेक्षा फारसा जास्त नव्हता. अ‍ॅस्पिरिन सौम्य म्हणून बरी, हा समज त्यामुळे दोन्हीकडून पडतो.

कुणाला हे औषध हवं हे ठरवायला डॉक्टर गुण मोजतात: वय ६५ च्या पुढे एक, ७५ च्या पुढे दोन, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन. गळक्या व्हॉल्व्हचे रुग्ण बहुतेक वयस्क असतात, त्यांचे गुण सहज भरतात. आपल्या माणसाचे किती भरले हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

औषध कोणतं, यावरही गोंधळ आहे. 'व्हॉल्व्हचा पेशंट म्हणजे वॉरफेरिनच' असं सरसकट सांगितलं जातं. तसं नाही. नुसता गळका मायट्रल व्हॉल्व्ह असेल तर अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डाबिगाट्रान यांसारखी नवी औषधं चालतात. त्यांना दर थोड्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, लागत नाही. मूत्रपिंडाचं काम मात्र तपासून डोस ठरवावा लागतो आणि डोस चुकवून चालत नाही, कारण परिणाम दिवसभरात ओसरतो. वॉरफेरिन किंवा त्याच्याच जातीचं औषध हवंच असे दोन गट आहेत. एक, धातूचा कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेले. त्यांच्यावर डाबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली, ते निष्कर्ष २०१३ मध्ये आले. दुसरे, मायट्रल व्हॉल्व्ह मध्यम किंवा जास्त आकसलेले, म्हणजे बहुधा लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेले. अशा व्हॉल्व्हच्या सुमारे ४,५०० रुग्णांवरच्या २०२२ च्या चाचणीत रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या पद्धतीच्या औषधावर मृत्यू कमी झाले. संधिवाताच्या तापाने बिघडलेला व्हॉल्व्ह अनेकदा आकसतोही आणि गळतोही. रिपोर्टमध्ये फक्त गळतीचा आकडा वाचून नवं औषध सुरू करू नये ते यासाठी. रिपोर्टवर व्हॉल्व्ह आकसल्याचा उल्लेख आहे का, हे आपणही पाहावं आणि नसेल तर विचारावं.

वॉरफेरिन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मी रक्ततपासणीच्या रांगेतल्या माणसांकडून पुन्हा पुन्हा ऐकली: आयएनआर इतके महिने दोन ते तीनच्या मध्ये होता, अचानक पाचच्या वर गेला, आणि हिरड्यांतून रक्त आलं. विचारलं तर कळायचं, ठोक्यासाठी अ‍ॅमिओडॅरोन नव्याने सुरू झालंय. हे औषध ठोका धरून ठेवायला चांगलं, पण ते वॉरफेरिनचा परिणाम वाढवतं, आणि तो परिणाम काही आठवड्यांत हळूहळू चढत जातो. एका विभागाने अ‍ॅमिओडॅरोन लिहायचं आणि दुसऱ्याने वॉरफेरिन चालू ठेवायचं, तर मध्ये आयएनआर कोण बघणार? अ‍ॅमिओडॅरोनवर असताना थायरॉइड आणि यकृताची तपासणी सहा महिन्यांनी व्हायला हवी. नवा खोकला किंवा दम आला तर फुप्फुसं बघायला हवीत. रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर घेणं आणि दात काढायचा म्हणून गोळी मनानेच बंद करणं, ही दोन्ही धोक्याची कामं आहेत. तोंड वाकडं होणं, एका हातातली शक्ती जाणं किंवा बोबडं बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर ते बरं व्हायची वाट न बघता तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

दुसरा प्रश्न, जो दादाच्या बाबतीत कुणी विचारला नाही: ठोका आता बिघडला, याचा व्हॉल्व्हच्या ऑपरेशनच्या वेळेशी काही संबंध आहे का? आहे. गळती तीव्र असेल आणि पाळी किंवा दोरीच खराब असेल, तर त्रास नसतानाही काही खुणा दिसल्या की ऑपरेशनचा विचार करावा असं युरोपच्या हृदयतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्या खुणांमध्ये गळतीमुळे उद्भवलेलं फिब्रिलेशन आहे. हृदयाची पंपिंगची टक्केवारी ६० किंवा त्याखाली येणं, आणि आकुंचनाच्या वेळी खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा जास्त भरणं, या आणखी दोन. इथे लोक चकतात: साठ टक्के म्हणजे तर नॉर्मल ना? गळक्या व्हॉल्व्हमध्ये नाही. त्या साठात उलट्या दिशेने गेलेलं रक्तही मोजलेलं असतं, आणि तिकडे ढकलायला जोर लागत नाही. म्हणून आकडा चांगला दिसत असताना स्नायू थकायला लागलेला असतो. फिब्रिलेशन आलं म्हणजे व्हॉल्व्हनेच दिलेली सूचना आहे असं धरून इको नव्याने करायला हवा, आधीची तारीख येईपर्यंत थांबायला नको.

दादाचा इको आम्ही दुसरीकडे करून घेतला. गळती 'सिव्हिअर' झालेली, डावा वरचा कप्पा ५० मिलिमीटर. ४० च्या वर गेला की मोठा समजतात. तिथे मात्र हृदयतज्ज्ञ आणि सर्जन एकाच खोलीत बसले, दोन्ही फाइली एकत्र उघडल्या आणि दादालाच विचारलं, "व्हॉल्व्ह तर दुरुस्त करणारच आहोत, त्याच वेळी ठोक्यावरही इलाज करू का?" आम्हा कुणालाच असं काही असतं हे माहीत नव्हतं. माझं सगळं आयुष्य या पट्ट्यांत गेलं, मलाही शस्त्रक्रियेच्या त्या भागाची फारशी माहिती नव्हती.

हा इलाज नवा अजिबात नाही. अमेरिकेत जेम्स कॉक्स या सर्जननी १९८७ मध्ये मेझ नावाची शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. वरच्या कप्प्यांच्या भिंतीत ठरावीक रेषांवर छेद देऊन पुन्हा शिवायचं. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे भरकटणाऱ्या संदेशाला फिरायला जागा उरत नाही आणि एकच ठरलेली वाट मोकळी राहते. आता छेदांऐवजी बहुतेक रेषा उष्णतेने किंवा अतिथंड प्रोबने काढतात, त्यामुळे वेळ कमी लागतो. मायट्रलच्या ऑपरेशनसाठी सर्जन बहुधा त्याच वरच्या कप्प्यातून आत जातात. कप्पा उघडाच असतो. अमेरिकेतल्या हृदय-छाती सर्जनच्या संघटनेने २०१७ मध्ये आणि युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मायट्रलच्या शस्त्रक्रियेबरोबर हा इलाज करावा अशी सर्वांत वरच्या दर्जाची शिफारस केलीय. तरी अनेक रुग्णांना ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत हे नावही ऐकू येत नाही, आणि माझं या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे. छाती एकदाच उघडायची असते. त्या वेळी जे विचारलं नाही, ते नंतर तितक्या सहज होत नाही.

फायदा किती, हेही स्पष्ट सांगायला हवं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मायट्रलचं ऑपरेशन होणारे २६० रुग्ण होते, सगळ्यांना टिकून राहिलेलं फिब्रिलेशन. ज्यांच्यावर ठोक्याचाही इलाज झाला त्यांच्यातले ६३ टक्के सहा आणि बारा महिन्यांच्या तपासणीत फिब्रिलेशनमुक्त होते. फक्त व्हॉल्व्ह केलेल्यांत २९ टक्के. मात्र पेसमेकर लागण्याचं प्रमाण इलाजाच्या गटात दुपटीहून जास्त होतं, आणि एका वर्षात मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत खास फरक नव्हता. दादालाही पेसमेकर बसवावा लागला. ही शक्यता त्याला आधी सांगितलेली होती, त्याने ती ऐकून होकार दिला होता, त्यामुळे घरात कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही. पहिले तीन महिने ठोका अधूनमधून बिघडतच होता. वहिनी घाबरली, पण व्रण भरेपर्यंत असं होतं, त्यावरून इलाज फसला असं धरत नाहीत. आज त्याच्या पट्टीवर पी वेव्ह दिसते. आधीच्या पट्टीशेजारी ती ठेवून बघताना मला काय वाटलं, ते ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल.

त्याच ऑपरेशनमध्ये ती पिशवीही बंद करता येते. २०२१ च्या एका चाचणीत, दुसऱ्या कारणासाठी हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या आणि फिब्रिलेशन असलेल्या सुमारे ४,८०० रुग्णांपैकी निम्म्यांची पिशवी बंद केली. सरासरी पावणेचार वर्षांत पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी जाण्याचं प्रमाण त्यांच्यात ४.८ टक्के राहिलं, बाकीच्यांत ७ टक्के. बहुतेकांची रक्त पातळ करायची गोळी चालू होती, आणि तिच्या जोडीला हा फायदा मिळाला. गोळीच्या बदल्यात नव्हे. दादाची गोळी आजही चालू आहे आणि ती बंद करायचा विषय आम्ही काढत नाही.

गळती ऑपरेशनइतकी नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी गती आवरायची: बीटा-ब्लॉकर, कधी जोडीला डिजॉक्सिन. विश्रांतीत ११०च्या आत ठेवली तरी सुरुवातीला चालतं असं २०१० च्या एका चाचणीत दिसलंय. ओढून-ताणून ८०च्या खाली आणायलाच हवी असं नाही. महाधमनीचा व्हॉल्व्ह जोरात गळत असेल तर गती फार कमी करणं उलट वाईट, कारण त्याची गळती दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत होते आणि विश्रांती लांबली की जास्त रक्त मागे येतं. गोळ्यांबरोबरच ठोका मूळ लयीत आणायचा प्रयत्नही लवकर व्हावा. २०२० मध्ये आलेल्या सुमारे २,८०० रुग्णांच्या चाचणीत, निदानानंतर वर्षभराच्या आत लय सुधारायचे उपचार सुरू केलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात आणि दाखल होणं मिळून कमी झालं. शॉक देऊन लय आणायची असेल तर आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करायचं औषध नीट घेतलेलं हवं किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री हवी, आणि नंतर चार आठवडे तरी औषध सोडायचं नाही. शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी घालून बिघडलेल्या संदेशांची वाट बंद करायचं अ‍ॅब्लेशनही आहे. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी हे चुकार संदेश उठतात हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवल्यापासून ते रुजलं. पण तीव्र गळती तशीच ठेवून नुसतं अ‍ॅब्लेशन केलं तर कप्पा ताणलेलाच राहतो आणि फिब्रिलेशन परतायची शक्यता वाढते. फ्लेकेनाइडसारखी काही औषधं हृदयाची रचना बिघडलेल्यांना देत नाहीत. ओळखीच्या कुणाला लागू पडली म्हणून आपण मागू नयेत.

घरी एवढं करता येतं: मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बेहिशेबी ठोक्यांत ते चुकतं. ती अनियमित लागली की त्याच दिवशी ईसीजी. रक्तदाबाचं घरचं यंत्रही अशा ठोक्यात फसतं, म्हणून तीन वेळा घेऊन सरासरी धरावी.

माझ्या जुन्या खात्यातल्या लोकांना, म्हणजे इको करणाऱ्या आणि वाचणाऱ्यांना एक विनंती करते. रिपोर्टवर तपासणीच्या वेळी ठोका कोणता होता आणि गती किती होती हे लिहा. फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक ठोक्याला गळती वेगळी दिसते. लांब विश्रांतीनंतरच्या ठोक्याला एक आकार, चिकटून आलेल्या ठोक्याला दुसरा. एकच ठोका पकडून 'मॉडरेट' लिहू नका, निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्या. गती १४० असताना केलेल्या इकोवर गळतीचा अंतिम शेरा नको. गती आवरल्यावर पुन्हा बघा. डाव्या वरच्या कप्प्याचं माप टाकायला विसरू नका, आणि मागच्या वर्षीचं माप शेजारी लिहा. दादाच्या जुन्या रिपोर्टांत ते माप दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलेलं होतं; सगळे कागद एकत्र ठेवल्यावर ते दिसलं.

आणि आपल्याला विनंती अशी, की याच विषयावर पुरवणीत आणखी एक लेख यावा, पण तो हृदयतज्ज्ञ आणि हृदय सर्जन या दोघांकडून मिळून लिहून घ्यावा. गळका व्हॉल्व्ह आणि फिब्रिलेशन असलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर गुठळीविरोधी औषध कोणतं आणि का, लय सुधारायचा विचार झाला का, आणि व्हॉल्व्हचा इको पुन्हा कधी, हे लिहिलेलं असावं की नाही, यावर त्यांचं मत छापावं.

आपली नम्र,
एक वाचक, निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)